माझी बोटं आणि वाशीमची सोनोग्राफी

सोमवार, ७ ऑक्टोबर
पोहरादेवीजवळच्या तांड्यावरून रामीबाई आली, सोबत नवरा फुलसिंग. उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज. दोन बोटं लावली. निदान तीन सेकंदांत: शेवटच्या दाढेचा पस. मंगरूळपीरमध्ये सत्तावीस वर्षं लोकांचे दात बघतोय, ही बोटं चुकत नाहीत. बाई म्हणते, दाढ नाही दुखत, डॉक्टर. जेवाले बसलं की सुजते, मंग उतरते. पेशंटनं तोंड उघडावं, चालवू नये. एक्स-रे कशाला? दाढ काढली. बाहेरून धडधाकट दिसत होती. अशाच दाढा दगाबाज.

गुरुवार, १० ऑक्टोबर
रामीबाई परत. सूज आहे तिथेच. दुखण्याच्या भीतीनं तीन दिवस नुसत्या ताकावर आहे म्हणे. गुळण्या केल्या नसतील. केल्या म्हणते. मग मीठ कमी पडलं असेल. सोमवारी शेजारची दाढ काढू.
ठराव: पेशंटवर ओरडायचं नाही.
दु. ४. ओरडलो. फुलसिंग विचारत होता, शेजारचीनं काय केलं?
जेवताना साधना म्हणाली, एकदा वाशीमला सोनोग्राफी करून घ्या ना तिची. म्हटलं, सोनोग्राफी पोटाची असते, तोंड पोटाच्या वर असतं. ती म्हणाली, हे तिला लग्नाआधीपासून माहीत आहे. बायकोनं डॉक्टरकीत पडू नये.

सोमवार, १४ ऑक्टोबर
रामीबाई आली नाही. म्हणजे बरी झाली. कळवायची रीत नाही लोकांत.

बुधवार, १६ ऑक्टोबर
संताप! फुलसिंग एकटाच आला, हातात वाशीमच्या सोनोग्राफी सेंटरचा रिपोर्ट, मला न विचारता परस्पर काढलेला. कोणी डॉ. अंजू. लाळेच्या ग्रंथीच्या नळीत आठ मिलिमीटरचा खडा. शिवाय 'दाढेशी संबंध दिसत नाही.' हे लिहायची गरज काय होती? विचारलंय कोणी?
फुलसिंग म्हणाला, दिवाळी झाली की ऊसतोडीले जायाचं हाय. कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असते, डॉक्टर. हे जेवतच नाही तं मोळी कशी उचलन? म्हटलं, काळजी करू नको, रिपोर्ट मशीनचा आहे, माणसाचा नाही. उद्या स्वतः जाऊन जाब विचारतो. मुद्दे काढले. अकरा झाले.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
वाशीम. नवरा-बायको दोघांना सोबत नेलं, साक्षीदार म्हणून. गरोदर बायकांच्या रांगेत सव्वा तास. एका म्हातारीनं विचारलं, सुनेले कितवा महिना? भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. जबड्याचंही करू नये, असं खाली लिहायला हवं.
डॉ. अंजू वयानं माझ्या मुलीसारखी. उठून उभी राहिली, 'या सर' म्हणाली. त्यानं आणखी चिडलो. भांडणाऱ्या माणसाला मान देणं हा कावा आहे.
तिनं रामीबाईच्या जबड्याखाली जेल लावलं, प्रोब ठेवला, जिभेवर लिंबाची फोड दिली. स्क्रीनवर ग्रंथी फुगली. लाळ वाहणारी नळी काळी, रुंद. तिच्यात एक पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे सरळ काळी सावली. लाळ अडली होती. रामीबाई कळवळली, फुलसिंगचा हात घट्ट धरला.
अकरा मुद्दे खिशातच राहिले. मी म्हणालो, मला हे वाटलंच होतं. फुलसिंगनं नुसतं माझ्याकडे बघितलं.
डॉ. अंजू म्हणाली, खडा जिभेखाली अगदी पुढेच आहे सर, तुम्हीही काढू शकाल. अर्थातच! परवा काढतो.

शनिवार, १९ ऑक्टोबर
सकाळी कॉलेजचं पुस्तक काढलं, सहज. त्याच जागेवरून जिभेची नस जाते. हे पुस्तकवाले मुद्दाम घाबरवतात.
रामीबाईला खुर्चीत बसवलं. सुई उचलली, खाली ठेवली. फॅन फार जोरात होता. फॅन बंद केला. सुई परत उचलली, परत ठेवली.
अकोल्याच्या सर्जनच्या नावानं चिठ्ठी दिली. 'निदान' पुढे स्वतःचं नाव लिहिलं. खोडलं. अंजूचं लिहिलं, बारीक अक्षरात.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
फुलसिंगचा फोन. खडा निघाला, वीस मिनिटांत. म्हटलं, चिठ्ठी माझीच होती. तो म्हणाला, हाव. एवढंच. कृतज्ञता उरली नाही या जिल्ह्यात.

सोमवार, ४ नोव्हेंबर
ऊसतोडीचा ट्रक दवाखान्यासमोर थांबला. वरून रामीबाई उतरली. मला वाटलं, आता दाढेचा हिशेब मागते. मी उत्तर जुळवून ठेवलं होतं: वैद्यकशास्त्र, संभाव्यता, मिठाचं प्रमाण.
तिचा जबडा सरळ होता. म्हणाली, कालपासून भाकर खाऊन राह्यली, डॉक्टर. सांगाले आली. मग तिनंच माझी समजूत काढली. म्हणाली, तुमी मनाले लावून घेऊ नका. तुमचा हात लय हलका हाय. चांगली दाढ व्हती, पण निंगाली कवा ते समजलंबी नाही.
ट्रकनं हॉर्न दिला. ती गेली.
मी बसलो. पेशंटच्या खुर्चीत.