नळ आला, विहीर गेली

४ एप्रिल, देवास
संस्थेचा जिल्हा-प्रगतीचा तक्ता आज पूर्ण. पाण्याचा रकाना माझा. घरोघरी नळ दिसला की तक्त्यात गाव हिरवं. साहेब खूश, समोसे मागवले. नळाला पाणी येतं का, हा प्रश्न प्रश्नावलीतच नाही.

६ एप्रिल
हाटपिपल्याजवळच्या एका गावात पडताळणी. अंगणाअंगणात नळ, चकचकीत. तिथल्या रेखाबाईनं तोटी फिरवली. नुसती हवा फुसफुसली. गावाची बोअर होळीपासून आटलीय. आणि टँकर? बंद. का, तर तक्त्यात गाव हिरवं झालं!
"हरो रंग कणी ने दियो?" हिरवा रंग दिला कुणी, असं तिनं माळवीत विचारलं.
"हमने."
"तो पाणी बी तमज दई दो."
हंडा उचलून चालायला लागली. जीपमधली पाण्याची बाटली तशीच सीटखाली ठेवली.

८ एप्रिल
साहेबांना म्हटलं, 'नळ आहे का' ऐवजी 'पाणी येतं का' विचारू. म्हणाले, "मॅडम, सवाल ऊपर से आता है. बदल दिया तो पिछले साल से तुलना कैसे होगी?" यात तथ्य आहे, म्हणूनच जास्त डोकं फिरलं. वर आणखी, "लाल किया तो धार की टीम आगे निकल जाएगी."
धारचा तक्ता सुनंदा भरते. संध्याकाळी तिला फोन. "अगं, आमच्याकडं काय वेगळंय?" म्हणजे शर्यत कसली, तोट्यांची!

१९ एप्रिल
साहेबांशी भांडले. 'नळ आहे, पाणी नाही' असा शेरा लिहून वर पाठवलाच. साहेब वैतागले. पण गावाला नवी बोअर मंजूर, जुनीपेक्षा बरीच खोल.

२ मे
रेखाबाईचा फोन. "मैडम, नळ आयग्यो!" मागं पोरांचा दंगा, बादल्यांचा खणखणाट. जेवताना बाबांना सांगितलं. "शाबास," म्हणाले. आज गाव खरंच हिरवं.

११ मे
त्याच गावाखालच्या छोट्या वस्तीतून, टोल्यावरून, हरिराम ऑफिसात आला. नवी बोअर सुरू झाली आणि टोल्याची एकुलती विहीर तळाला गेली. "उनका नल चल रिया है मैडम, हमारा कुआँ गया."
तपासलं. टोल्यावर नळ नाहीत, म्हणून तक्त्यात टोलाच नाही. जमिनीखाली किती पाणी उरलं, त्यालाही रकाना नाही. साहेब म्हणे, "गाँव तो ग्रीन है ना?"
मी भांडून आणलेली बोअर. माझीच.

१२ मे
उद्या टोल्यावर जायचं. रस्ता रेखाबाईच्या दारावरूनच. तिनं हाक मारली तर काय सांगू, नळ बंद ठेव म्हणून? आणि नाही सांगितलं, तर पुढं टोल्यावर हरिरामला काय सांगू?