आडवी पट्टी, उभी पट्टी

बाबा, "पट्टी आडवी, तं शेगडी झोपली. उभी, तं जागी हाय. येवढं ध्यानात ठेव, बास." हे तुम्ही आईला म्हणाला होतात, आपल्या अकोल्याच्या घरात, ओट्यापाशी उभं राहून, हातात स्क्रू फिरवायचा पेचकस. मी पाचवी-सहावीत असेन. आपल्या शेगडीची बटणं चिरली होती आणि तुम्ही दुकानातल्या पत्र्याच्या डब्यातून एक जोडी आणून बसवली होती. बटणाच्या मधोमध जी उंच पट्टी असते, ती इतरांच्या शेगडीवर बंद असताना उभी आणि पेटवल्यावर आडवी असते. आपल्याकडे उलट झालं, कारण त्या जोडीचं भोक पाव फेरा फिरलेलं होतं, दुसऱ्याच कुठल्या शेगडीसाठी पाडलेलं. आई म्हणाली, "लोकाइच्या शेगड्या सरळ आन् घरचीच उलटी काहून?" तुम्ही हसलात. "गिऱ्हाइकाले बसते ते गिऱ्हाइकाले. कोनालेच बसत नाई ते आपल्याले." तुमची रीतच होती ती. शहरभरच्या शेगड्या दुरुस्त करून तुम्ही घरी यायचात आणि आपल्या घरात सगळं उरलेलं, जुळवलेलं, थोडं वाकडं.

ती शेगडी अजून आहे. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आई अमरावतीला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिनं साड्या कमी आणल्या पण शेगडी आणली. माझ्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या शेगडीला ती हात लावत नाही. "आरशावर सैपाक करते का कोनी?" म्हणते. म्हणून मागच्या खोलीत तिला वेगळा ओटा करून दिला. तिथे ती सकाळचा चहा करते, दुपारी स्वतःपुरती भाकर टाकते आणि मी ऑफिसातून आले की पुन्हा चहा, आलं जरा जास्तच घातलेला. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई दिवसभरात स्वतःचं म्हणून जे करते ते एवढंच. करत होती, असं लिहायला हवं.

दिवाळीनंतर उजव्या बाजूला वास येऊ लागला. तुम्ही शिकवलेलं सगळं मी त्याच क्रमानं केलं. आधी सिलिंडर बंद, खिडकी-दार उघडं, दिव्याच्या बटणाला हात नाही. वास पार गेल्यावर नळीला, जोडाला, बटणांखालच्या दोन्ही कॉकना साबणाचा फेस लावला आणि सिलिंडर क्षणभर उघडला. नळी ठीक होती. उजव्या कॉकच्या बुडाशी एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. वाटलं, तुम्ही मागे उभे आहात आणि मान हलवताय.

शेगडी ऑटोत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेली. मेकॅनिक माझ्याच वयाचा, बोलका. कॉक काढून उजेडात धरून म्हणाला, "म्याडम, हा आता भेटत नाही. दुसरा टाकतो, पन जरा घासा लागन." मग त्याचं लक्ष बटणांकडे गेलं. "अन् हे कोन्या अडान्यानं बसवले? पट्टी उलटी येऊन राहिली ना!" मला म्हणता आलं असतं की माझ्या वडिलांनी. ज्यांनी अकोल्यात उभी हयात शेगड्या दुरुस्त केल्या, त्यांनी. मी म्हणाले, "काय माहीत, जुनी आहे," आणि त्याच्याबरोबर हसले. तो म्हणाला, "नवी जोडी टाकून देऊ?" मी म्हटलं, टाका. "जुनी ठेवू का पिशवीत?" मी म्हटलं, नको.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई चहा करते, गाळते, शेगडी बंद करते. पेटवणं-विझवणं हाताच्या सवयीनं होतं, तिथे काही चुकत नाही. पण खोलीतून निघताना ती दोन्ही बटणांवरून बोट फिरवते, तुम्हाला माहीत आहे तिची ती सवय. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून तर ती जास्तच पक्की झाली आहे. बोटाला पट्टी उभी लागली. म्हणजे जागी. तिनं ती दाबून आडवी केली, झोपवली, आणि निश्चिंत मनानं अंगणात उन्हाला जाऊन बसली. मी पुढच्या खोलीत होते. वास आला तशी धावले. खिडकी उघडी होती म्हणून निभावलं. सिलिंडर बंद केला आणि अंगणात जाऊन ओरडले, "आई, गॅस तसाच उघडा ठेवून आलीस! विसरतेस कशी? जीव गेला असता दोघींचा!"

"म्या बंद केला होता वं."

"मग तो काय आपोआप उघडला?"

तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उलटा-सुलटा करून पाहिला. "असन," म्हणाली. "इसरलो असन."

त्या दिवसापासून तिनं शेगडीला हात लावलेला नाही. सकाळी मी उठेपर्यंत पलंगावर बसून राहते. शेजारणीला सांगते, "मायं डोकं आता कामाचं नाई राह्यलं." मेंदूच्या डॉक्टरांना दाखव, हेही तीच म्हणाली. परवा अकरा वाजता जायचं आहे.

आणि खरं काय ते मला चौथ्या दिवशीच कळलं होतं. मागचा ओटा पुसायला गेले, बटणाची पट्टी उभी दिसली आणि माझ्या हातानं, मला न विचारता, ती आडवी केली. सूं असा आवाज आला. बंद केलं आणि फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. तुमचं वाक्य तेव्हा आठवलं, पेचकसासकट. आई काहीच विसरली नव्हती. तिनं तर दोनदा बंद केली होती शेगडी.

ती दहा पावलांवर तूर निवडत बसली होती. हाक मारायची, एवढंच होतं. मी चपला घातल्या आणि स्कूटी काढून मेकॅनिककडे गेले. जुनी जोडी भंगारात गेली होती. तेव्हापासून दोन आठवडे मी बटणं शोधत फिरते आहे. ऑफिस सुटलं की एक दुकान, नाहीतर दोन. पर्समध्ये एक सुटा कॉक आहे, त्याच्या दांडीवर प्रत्येक बटण लावून बघते. सगळी सरळ. "सरळच पाहिजे ना म्याडम?" "नाही, उलटी पाहिजेत." मग तो माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. घरी येते, आईचा चेहरा बघते, पुन्हा बाहेर पडायला काहीतरी निमित्त काढते. जेवणात लक्ष नाही, फायलीत नाही. बटणं मिळाली की सगळं पहिल्यासारखं होईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही, असं मनानं धरून ठेवलं होतं.

काल रविवारी अकोल्याला गेले. तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. शेजारचं भांड्यांचं दुकान अजून आहे, ते चालवणारे काकाही आहेत, ऐकायला कमी येतं त्यांना. मला पाहून म्हणाले, "तू शेगडीवाल्याची ना? नाक तेच हाय, लपत नाई." तुमचं दुकान रिकामं केलं तेव्हा तो पत्र्याचा डबा त्यांनी ठेवून घेतला होता, खिळे टाकायला. त्यांनी तो माझ्यापुढे पालथा केला. "घे, शोध. कोनाले बसत नाई असं सारं याच्यातच हाय. तुया बाप एक काही फेकू दे नाई." दुकानाच्या पायरीवर बसून मी एकेक बटण कॉकवर लावत गेले. अर्ध्या तासानं एक जोडी निघाली, पाव फेरा फिरलेली. काका म्हणाले, "हे तं उलटं हाय बाई." मी म्हटलं, "हेच पाहिजे." त्यांना ऐकू गेलं नसावं. परतीच्या बसमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

आज सकाळी बटणं बसवली. फेस लावून तपासलं. आईला हात धरून ओट्यापाशी आणलं आणि म्हटलं, "बघ, आता आपल्या जुन्या पद्धतीनं केलं आहे." तिनं बोट फिरवलं. क्षणभर चेहरा उजळला. "झोपली," म्हणाली. मग हात काढून घेतला. "नको वं. बटन बराबर हाय. मीच बराबर नाई."

तेव्हा तरी बोलायचं. मी म्हणाले, "असू दे, चहा मी करते."

तो फेसाचा दिवस तुम्हाला आठवतो का? शाळेला सुट्टी होती, मी दुकानात होते. एका बाईंच्या शेगडीचा फेस तपासायला तुम्ही मला सांगितलं आणि मी न तपासताच "पाह्यला" म्हणाले. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला, वास येतो. मी रडत म्हटलं, बाबा, तुम्हीच सांगा ना त्यांना. तुम्ही सायकल काढली, मला मागे बसवलं. "ज्याच्या हातानं बिघडलं, त्याच्याच तोंडानं सांगा लागते." त्यांच्या फाटकाशी तुम्ही थांबलात. मी आत गेले, सांगितलं, बोलणी खाल्ली. वळून पाहिलं तर तुम्ही सायकलची साखळी बघत होतात, जणू तिच्यातच काही बिघाड होता. मग सायकल दुकानाकडे वळवलीत. तिथे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या शेगडीला लावायचा नवा कॉक माझ्या हातात दिलात, "हा तू बसव," म्हणून.

हे पत्र जायचं कुठे? लिहून झालं की त्या डब्यातल्यासारखंच, कुठेच न बसणारं. मागच्या खोलीत आई पलंगावर बसली आहे, मला तिची पाठ दिसते. परवा ते डॉक्टर तिला तारीख विचारतील, वार विचारतील, आणि ती प्रत्येक उत्तराआधी स्वतःच्या हाताकडे बघेल. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, तुमची नजर साखळीवरून उठणार नाही. तरी विचारते. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि मला त्या दहा पावलांची भीती वाटते. एवढ्या वेळी तरी, बाबा, तिला तुम्हीच सांगता का?