दुसरा आवाज

३ मार्च, सोमवार

पासपोर्टचा फोटो काढून आले. फोटोवाला म्हणाला, हसू नका. मी हसतच नव्हते! माझं तोंडच तसं आहे, त्याला मी काय करू?

हे सगळं लेकीचं खूळ. एकतीस वर्षं बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना त्यांच्या गाड्या सांगितल्यास, आता स्वतःची गाडी पकड, म्हणते. निवृत्त होऊन दोन महिने झाले. तिनं फ्रिजच्या दारावर तीन कागद लावलेत. पहिला – बघण्याचा. मोठं शहर, कालवे, संग्रहालयं. दुसरा – धाडसाचा. होडी, दोरी, हेल्मेट. या वयात! तिसरा – शिकण्याचा. तळ्याकाठचं गाव, मागे डोंगर, सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी भटकायचं. तीन आठवडे.

तिसऱ्या कागदावरच्या भाषेचं नाव वाचलं आणि हातातली किटली तशीच राहिली. लेकीला काही बोलले नाही. तिनं विचारलंही नाही.

५ मार्च, बुधवार

शेजारीणबाई आल्या होत्या. गेल्या वर्षी टूरबरोबर आठ देश केले, नऊ दिवसांत. काय काय पाहिलं, विचारलं. पुढच्या सीटवरच्या माणसाचं टक्कल, म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. बाई तशा सरळ आहेत. पण जाताना म्हणाल्या, एकट्याच जाणार? – आणि उत्तराची वाट न बघता चपला घातल्या.

९ मार्च, रविवार

माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. गंजून झाकण घट्ट बसलेलं. चमच्यानं उचकटलं. कॅसेटी! बाराच्या बारा.

मी बारा वर्षांची, दादा पंधराचा. बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे. एका बंद पडलेल्या ऑफिसातून त्यांनी हा डबा आणला होता – ‘बारा धड्यांत परकी भाषा’. ती भाषा कुठे बोलतात ते आधी नकाशात शोधायला लागलं. डोंगर, तळी, आणखी डोंगर. दादा तिथेच खलास. मोठेपणी सर्व्हे खात्यात लागला, मोजणीच्या दुर्बिणीचं तिकाटणं खांद्यावर टाकून हयात डोंगरात काढली, त्याचं बी त्या डब्यात होतं.

प्रत्येक धड्यात दोन आवाज. पहिला आवाज विचारणार, दुसरा उत्तर देणार. दादा मोठा, म्हणून पहिला आवाज त्याचा. माझा दुसरा. मी म्हणायचे, आता बदलू. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात. पुढचा महिना कधी आलाच नाही! टेप अडकली की पेन्सिल घालून रीळ फिरवायचं काम मात्र माझं.

चौथा धडा आगगाडीचा. दोन खुर्च्या शेजारी मांडायच्या. मी खिडकीजवळ. दादा टोपी घालून यायचा आणि त्या भाषेत अदबीनं विचारायचा, “ही जागा रिकामी आहे का?” मी म्हणायचे, “नाही. माझा भाऊ येतोय.” असं धड्यातच होतं. मग दादा मराठीत, “अगं मैने, मीच तो भाऊ!” म्हणत धपकन बसायचा. शंभरदा तोच विनोद, शंभरदा आम्ही हसून लोळायचो. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, तिथे जाऊन एकमेकांशीच बोलणार आहात का दोघं?

बेतच तसा होता. दादा म्हणायचा, आपण जाऊ तेव्हा मी वाट विचारीन, तू सांग. दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो.

किती वर्षांनी मैना हे नाव आठवलं. आता कोण म्हणणार?

१० मार्च, सोमवार

टेपरेकॉर्डर चालत नाही. डबा पुन्हा बंद केला. पुन्हा उघडला.

१४ मार्च, शुक्रवार

तिसरा कागद पक्का केला. लेक खूश. लगेच एक शिकवणी लावून दिली, कंप्युटरवरून, मंगळवार-शुक्रवार. मास्तरीण माझ्या लेकीपेक्षा लहान, केस आखूड, स्वभाव गोड.

तिनं त्या भाषेत मला नाव विचारलं, कुठून आलात विचारलं, हवा कशी आहे विचारलं. मी धडाधड उत्तरं! पंचेचाळीस वर्षांनी! माझं मलाच नवल. ती म्हणाली, तुम्ही तर तयारच आहात की.

मग म्हणाली, आता तुम्ही मला विचारा.

तिथेच घोडं अडलं. तिनं सोपं करून दिलं – स्टेशन कुठे आहे, एवढंच विचारा. नाही आलं! स्टेशन कुठे आहे ते मी सांगू शकते – सरळ जा, पुलाशी उजवीकडे. डोंगरावर जायची वाटसुद्धा सांगू शकते – डावीकडून, पण जपून, दगड सुटे आहेत. प्रश्न मात्र एकही विचारता येत नाही.

असं कसं झालं? दादाचे प्रश्न तर मी रोज ऐकत होते. दिवसभर विचार केला. खरं म्हणजे ऐकत नव्हते. तो विचारत असायचा तेव्हा मी माझं उत्तर मनात घोळवत असायचे.

१८ मार्च, मंगळवार

मास्तरीण म्हणते, हरकत नाही, उत्तरांवरून प्रश्न बांधू. हातात घास आहे, आता पानात काय होतं ते शोधायचं!

२३ मार्च, रविवार

लेकीनं बुटांच्या दुकानात नेलं. डोंगरातले बूट. घोट्यापर्यंत, लाल नाड्या. पोऱ्याला शोभतील असे. दुकानदारानं मला एका लाकडी उतरणीवर चढवून उतरवलं, बोटं पुढे टेकतात का बघायला. टेकली नाहीत. सगळ्या दुकानासमोर मी वर-खाली, वर-खाली. लेक हसत होती. मलाही आवडलं, उगाच कशाला खोटं बोला.

परत येताना लेक म्हणाली, मामाकडे असतील ना असे बूट? सहज म्हणाली. मी म्हटलं, असतील.

नऊ वर्षं झाली आम्हाला बोलून.

२७ मार्च, गुरुवार

लिहूनच टाकते. या वहीत नाही लिहायचं तर कुठे?

लोकांना मी सांगते, दादा रागावून निघून गेला आणि मग त्यानं तोंड दाखवलं नाही. खोटं नाही ते. पण खिडकीवरचं उत्तर आहे – विचारलं तेवढंच. आमच्या खात्याची शिस्तच ती. साडेदहाची गाडी आहे का? आहे. ती आज रद्द झालीय हे विचारलं तर सांगायचं, नाहीतर रांग पुढे सरकत नाही. एकदा एक बाई दोन तास बसून राहिली होती. माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. ती नुसती बघत राहिली. मी काचेच्या आत.

बाबा तीन आठवडे अंथरुणावर होते. दादा लांब, कुठल्याशा डोंगरात मोजणीवर. बाबा म्हणाले, त्याला कळवू नकोस, काम सोडून धावत येईल. मी कळवलं नाही. दादाचा फोन दर रविवारी यायचा. हवा कशी आहे, ऑफिस कसं आहे, भाचीचा अभ्यास कसा चाललाय. मग विचारायचा, बाबा कुठेत? मी सांगायचे, झोपलेत. झोपलेलेच असायचे! मी खोटं बोलले नाही. तीन रविवार मी खोटं बोलले नाही.

तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. बॅग खाली न ठेवता दारातच त्यानं विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

आणि मी म्हणाले, “तू विचारलं नाहीस.”

तोंडातून गेलं ते. सवयीनं. त्यानं बॅग पुन्हा खांद्यावर टाकली.

२८ मार्च, शुक्रवार

शिकवणी बुडवली.

६ एप्रिल, रविवार

टूरच्या ऑफिसातल्या माणसानं विचारलं, खोली एकीची की दोघांची? तो पेन घेऊन थांबला. लेक म्हणाली, एकीची. मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, एकीचीच ना?

भिंतीवर त्या तळ्याचा फोटो होता. दादानं एकदा वहीत त्याचं चित्र काढलं होतं, डोंगराची उंची लिहून. फोटोखाली खरी उंची छापलेली; त्याची चुकली होती, हे मला आज कळलं. त्याला सांगावंसं वाटलं. एवढंच, की तू दोनशे मीटर जास्त लिहिली होतीस रे. किती क्षुल्लक गोष्ट! पण ती ऐकून हसणारा माणूस जगात एकच.

११ एप्रिल, शुक्रवार

बारा धड्यांचे प्रश्न तयार! मास्तरणीनं एकेक तपासला. शेवटी म्हणाली, आता तुम्हाला कुणाची गरज नाही. बिचारीनं कौतुक म्हणून म्हटलं. मला धस्स झालं.

१३ एप्रिल, रविवार

फोन केला.

सकाळपासून चार वेळा हातात घेतला, चार वेळा ठेवला. मी का आधी, हे नऊ वर्षांचं पालुपद आज स्वतःलाच ऐकवेना. वहिनीनं उचलला. माझा आवाज ऐकून नुसतं “थांबा हं” म्हणाली, आणि मग पावलं, कुजबुज, खुर्ची सरकल्याचा आवाज.

दादा “हॅलो” म्हणाला आणि माझी सगळी मराठी पळाली. मग मी त्या भाषेत विचारलं, स्टेशन कुठे आहे?

मग म्हणाला, “ते तुला माहीत असायचं. मला नाही येत उत्तरं.”

मला हसू फुटलं आणि रडू पण. त्यालाही तसंच झालं असावं, नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग मी विचारायचं ते विचारलं. मराठीत. “दादा, बाबांच्या वेळी मी तुला सांगितलं नाही. माझी चूक झाली. तुला अजून राग आहे का?”

आयुष्यात पहिल्यांदा मी प्रश्न विचारून गप्प बसले. मनात काही घोळवलं नाही.

तो म्हणाला, “मला कळलं होतं, मैने. तीन रविवार कोण झोपतं? मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणून नाही विचारलं.”

म्हणजे नऊ वर्षं तो माझ्यावर रागावलेला नव्हताच. स्वतःलाच खात बसला होता तिकडे. आणि मी इकडे! दोघं मिळून एक शहाणा म्हणे. दोघं मिळून एक मूर्ख.

सहलीचं सांगितलं. चल म्हटलं. तो म्हणाला, गुडघे गेले गं, जिना उतरताना कठडा धरतो, डोंगर कुठला? तू जा. माझ्या वाटचंही चढून ये. मी खूप आग्रह केला. नाहीच म्हणाला. उंचीचं सांगितलं तेव्हा मात्र भांडला. माझीच बरोबर आहे, म्हणे, फोटोखाली चुकीची छापली असेल.

२ मे, शुक्रवार

हल्ली दर रविवारी फोन. मीच करते. आधी मी विचारते.

तो यायला हवा होता. बूट घालून घरातल्या घरात चालते तेव्हा फार वाटतं.

१४ जून, शनिवार

पोचले. तळं फोटोतल्यापेक्षा मोठं आणि गार. बर्फ अजून माथ्यावर आहे. अतिथीगृह लहान, लाकडी जिना करकरतो. मालकीणबाई काहीतरी भराभर बोलल्या, मला अर्धं कळलं, उरलेलं मी विचारलं. विचारलं! त्यांनी परत सांगितलं. एवढं सोपं होतं?

लेकीला पोचल्याचं कळवलं. तिनं खोली नंबर विचारला. खिडकीतून काय दिसतं विचारलं. नाश्ता किती वाजता, कुठे, हेही. एवढ्या चौकश्या कशाला हिला? सांगितलं सगळं. विचारलं त्याचं उत्तर.

उद्या रविवार. दादाला फोन करायचा, तळ्याचा आवाज ऐकवायचा.

१५ जून, रविवार

सकाळी आठ. नाश्त्याची खोली, खिडकीजवळचं टेबल. दादाला फोन लावला तर बंद. वहिनीचाही बंद. पुन्हा लावत होते, तर पाठीमागे जिना करकरला. हळूहळू, एकेक पायरी, कठडा धरून. मग काठीचा आवाज. मग कुणीतरी त्या भाषेत, अत्यंत वाईट उच्चारात, अदबीनं विचारलं, ही जागा रिकामी आहे का?

मी मागे वळले नाही. वळले असते तर बोलता आलं नसतं.

“नाही,” म्हटलं. “माझा भाऊ येतोय.”

खुर्ची ओढली गेली. धपकन बसला.