माडीच्या फळ्यांना लाल रंग

अक्का,

आज माडीवर पाय ठेवू नकोस. पहाटे फळ्यांना लाल तेलरंग दिला आहे, उद्यापर्यंत वाळेल. नव्या फळ्या यंदा परवडत नाहीत, म्हणून जुन्याच घासून, भेगांत लांबी भरून रंगवल्या. खालच्या खिडक्या उघड्या ठेव, वास फार आहे.

काल मी फळ्या घासताना तू म्हणालीस, "चार दिवसांच्या पाहुणीसाठी एवढं कशाला?" ती खोली पाहुणीसाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

मी सकाळच्या मोटारीने पारोळ्याला जातो. अक्का आता परत नांदायला येणार नाही, असं दाजींना तोंडावर सांगतो आणि तुझी पेटी व शिवणाचं यंत्र घेऊन संध्याकाळी येतो. ते चिडले तर चिडू देत. तुझ्या दंडावरचे वळ आईने पाहिले आहेत.

आबा तुला परत धाडतील, ही धास्ती सोड. पहाटे त्यांना सगळं सांगितलं. ते माझ्या हातातला कुंचला घेऊन खाली बसले आणि म्हणाले, "पोर आठेच ऱ्हाई, याच घरात. तू मोटार गाठ, उरलेलं मी रंगवतो."

मगन