ब्लासियसची बढती

३ सप्टेंबर
आजपासून प्रौढ साक्षरता वर्ग. चर्चमागची पडवी, दुपारी चार. मानधन नाही. सेवा म्हणजे सेवा. अख्ख्या फ्लोरेस बेटावर असा वर्ग नसेल. पोस्टात होतो तेव्हा गावाची पत्रं मीच वाचून दाखवायचो. आता तीन महिन्यांत गावच वाचतं करणार. बायको म्हणाली, आधी स्वतःचा चष्मा शोधा.
नऊ बायका आल्या. शेवटी पास्कालियावहिनी. हिला कशाला शिकायचंय, मी असताना?

६ सप्टेंबर
कळलं. मुलाचं पत्र स्वतः वाचायचंय. दर नाताळला तेच पत्र वाचून दाखवायचा मला त्रास नको म्हणे.
पत्र मुलाचं नाहीच. तो मजुरीला गेला होता त्या समुद्रापलीकडच्या साबाच्या मळ्यातल्या सोबत्याचं आहे: ब्लासियस तापाने गेला, इथेच पुरला. सहा वर्षांपूर्वी वहिनी पाकीट घेऊन इतकी हसत आली, की मी वाचलं, 'बरा आहे, येईन.' यात माझा काय दोष? पुढच्या नाताळला थोडी भर घातली. आधी नजरेतून सुटलं होतं, म्हणालो. गेल्या वर्षी त्याला मुकादम केलं.
रविवारी खरं सांगणार. नक्की.

२२ सप्टेंबर
रविवारी गेलो होतो. ब्लासियसचं ताट वाढलेलं, दर रविवारी वाढते तसं. भरल्या ताटासमोर असलं बोलत नाहीत.
वर्गाचा प्रोग्रेस उत्तम. पाच स्वर, तिसरा आठवडा. पाया पक्का हवा.

८ ऑक्टोबर
हजेरी घेताना तोंडातून 'ब्लासियस' गेलं. वहिनी म्हणाली, "तो साबाला आहे, गुरुजी."
मागच्या बाकावर कुणी नव्हतं. मला मात्र तिथे तो बसल्यासारखं वाटत होतं. उद्या ते बाक बाहेर काढतो. तेवढीच जागा होईल.

१९ ऑक्टोबर
बाक काढलं. आता तो उभा असतो.
अजून स्वरच. पण वहिनी प्रार्थनागीतांचं पुस्तक घेऊन बसते. गाणी सगळी पाठ. गुणगुणत बोट फिरवते आणि शब्द ओळखते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पद्धत बिघडते, पुस्तक घरी ठेवा, म्हणालो. ती हसली.
२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याआधी सांगायलाच हवं. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक मेलेल्याला मेणबत्ती मिळते. सहा वर्षांत त्याला एकही नाही. मला त्याची भीती वाटते.

१ नोव्हेंबर
घसा बसलाय. उद्या.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच
परमुलखात मेलेल्यांच्या मेणबत्त्या दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी लावतात. वहिनी तिथे उभी होती. हातात न पेटवलेली मेणबत्ती आणि ते पत्र. मला हाक मारली. एकेका शब्दाखाली बोट ठेवून मोठ्याने वाचलं. 'तापाने'पाशी अडली, मागे गेली, पुन्हा वाचलं.
"गुरुजी, बरोबर वाचलं का?"
मी हो म्हणालो.
"मग मुकादम झाला ते कुठे लिहिलंय? दाखवा."
ती रागावली नव्हती. तिला वाटत होतं, आपलंच वाचायचं राहिलंय. मी कागदावर बोट फिरवत राहिलो. शेवटी तिनेच माझं बोट बाजूला केलं, पत्र घडी करून घेतलं आणि मेणबत्ती पेटवली.