काच गार होईपर्यंत

वाशिंद,
१८ जानेवारी

ती. आईंना जयाचा वाकून नमस्कार.

आम्ही इथे ठीक. फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून ठेवून देता आणि माझं बोलणं माझ्याच हातात राहतं, म्हणून हे पत्र.

शेगडीला नवी काच बसली. तुमचे चिरंजीव तिला नव्या नवरीसारखे जपतात. मी नवरी असताना एवढं जपल्याचं आठवत नाही. तुम्हाला नियम कळवावेत असा त्यांचा हुकूम आहे. तर काच तारेच्या घासणीने घासायची नाही, मऊ फडक्याने पुसायची. भांडं बुडाशी ओलं नको. दोन्ही बर्नर झाकणारा टोप चढवायचा नाही, खाली काच तापते. आणि तापल्या काचेवर पाण्याचा थेंबही नको.

आता त्या दिवशी तो मोठा टोप कोणी चढवला, पाहुण्यांची कोंबडी एकाच टोपात व्हावी हा हट्ट कोणाचा, हे लिहायचं नाही असं बजावलंय. म्हणून लिहीत नाही.

तुम्ही आपलं नेहमीसारखं, रांधून झाल्यावर चुलीवर शिंपडतात तसं बोटांनी पाणी शिंपडलंत. "ती पण दमते गो, तिला गार करू." काच फुटून साबुदाण्यासारखी घरभर झाली. त्यावर यांचं ते वाक्य, "आई, ही काय गावची, टोकावड्याची चूल आहे?" आणि सकाळी तुम्ही मुरबाडच्या एसटीत. वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.

बाकी विशेष नाही. माझ्या भाकरीला इथे पापड म्हणतात. यांना अजून फ्रिजखाली काच सापडते. सापडली की फरशी पुसत बसतात. तुमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही, फरशी पुसायची आहे.

परवा स्वयंपाक उरकला आणि माझाच हात तांब्याकडे गेला. थांबले. चहा घेतला, काचेला तळवा लावून पाहिला. गार होती. मग शिंपडलं, फडक्याने पुसलं. काच शाबूत. हे दारातून बघत होते.

"आईला एवढं थांबायला सांग ना."

"तुम्ही सांगा की."

"तू पत्रात लिही."

लिहिलं. पण शिंपडताना तुम्ही काय पुटपुटता ते मला येत नाही. रविवारी हे न्यायला येतील, दारात उभे राहून शेगडीबद्दलच बोलतील. बोलू द्या. पिशवी भरून ठेवा.

तांब्या घासून वाट बघणारी,
तुमची जया