हलका ड्रोन, जड ड्रोन आणि नवरीचा टेम्पो

तीर्थरूप दाजींना,

नमस्कार. (त्यातला अर्धा ताईला द्यावा; ती वेगळा मागेल.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सगळे मजेत, मी तर जरा जास्तच, कारण छकुलीच्या लग्नाची फिल्म आकाशातून घ्यायची असं मी ठरवलं आहे. तुम्ही फोनवर म्हणालात, "नीट जमणार असेल तरच हो म्हण, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." दाजी, सख्ख्या भाचीचं लग्न परका माणूस टिपणार आणि मी जेवणाच्या रांगेत उभा राहणार, हे मला झेपणारं नाही.

दुकानदाराने दोन ड्रोन पारखायला दिले. पहिला हलका, अडीचशे ग्रॅमच्या आतला, शर्टाच्या खिशात जवळजवळ मावणारा. आवाज डासाएवढा. पण त्याच्या पोटाला मी माझ्या स्टुडिओची पितळी पाटी चिकटवली (काम कोणाचं ते पाहुण्यांना कळायला नको का?), तेव्हापासून तो एका अंगावर कलून उडू लागला आणि वाऱ्याची झुळूक येताच शेजारच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरला. त्या म्हणाल्या, "भावजी, पुढच्या वेळी दारावरची बेल वाजवा."

दुसरा मोठा. काय सांगू दाजी, हवेत खिळा ठोकल्यासारखा स्थिर. झाडाचं पानन् पान मोजून घ्यावं असं चित्र. नवरीच्या गाडीची रंगीत तालीम म्हणून मित्राचा टेम्पो आणला, नवरीच्या जागी हिला बसवलं (हिने आढेवेढे घेतले, पण डोक्यावर पदर घेतला) आणि टेम्पोच्या हौद्यातूनच ड्रोन उडवला. मागच्या बाजूने असा काही देखावा मिळाला की मी चालकाला "अजून पुढे, अजून पुढे" करत राहिलो. आता बॅटरी संपत आली की जिथून उडाला तिथेच परतायचं, हा या यंत्राचा स्वभाव. ते परतलं. आम्ही पुढच्या चौकात, आणि मूळ जागी एक रंगारी डब्यांची झाकणं उघडून बसलेला. असो. ड्रोन सुखरूप उतरला. (तपशिलात जात नाही.)

तात्पर्य, मोठाच घ्यायचा. दुसरा माणूस बघू नये.

तुमचा मेहुणा

ता. क. : पैशांची किल्ली हिच्या हातात आहे आणि ही फक्त तुमचं ऐकते. तेव्हा "मोठ्या ड्रोनशिवाय लग्नाला शोभा नाही" असं तुम्हालाच आपणहून सुचल्यासारखं हिला लिहावं.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करायच्या आत हिने पत्र वाचलं. म्हणते, तपशील मी सांगते. तर, मी चौकात उभा राहून ओरडत होतो तेव्हा हिने माझ्या हातून रिमोट काढून घेतला आणि त्यावरच्या पडद्यावर बघत ड्रोन डब्यांच्या पलीकडे, ओट्यावर अलगद टेकवला. सोबतची पुस्तिका हिने मटार सोलता सोलता वाचली होती म्हणे. (मी पुस्तिका वाचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.) मोठा घ्यायला हिची ना नाही, फक्त लग्नात उडवणार ही.

ता. क. शेवटचा : हा हट्ट सोड, असं तुम्ही हिला लिहावं, अशी विनंती होती. पण आत्ताच टेम्पोतलं चित्रीकरण पुन्हा पाहिलं. ओट्यावर उतरतानाचा हिने घेतलेला तुकडा सगळ्यात सरस आहे. लिहू नका. मला खुर्ची मात्र पुढच्या रांगेत ठेवा, हिला सूचना द्यायला बरं पडेल.